पेटीतली बांगडी

एकदा एका बाजारपेठेच्या गावी एक वृद्ध कारागीर राहत असे. विजेवर चालणाऱ्या रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय. गावातले सारे रिक्षावाले त्याला वस्ताद म्हणत. त्याचा हात असा, की त्याने बंद केलेली पेटी वर्षभर उघडावी लागत नसे.

या वस्तादाची एक रीत लोकांना कोड्यात टाकी. बॅटरीची पेटी बंद करण्यापूर्वी तो तिच्या तळाशी काचेची एक हिरवी बांगडी ठेवी. ती मलमलीच्या पिशवीत घालून, दोन्ही बाजूंनी स्पंज लावून घट्ट बसवी. रिक्षावाले म्हणत, "वस्तादांचा तोडगा आहे. कुणाची दृष्ट लागत नाही." वस्ताद हसे आणि गप्प राही.

त्याच्या हाताखाली तिशीचा एक शिष्य शिकत होता. त्याने पहिल्याच आठवड्यात बांगडीचे कारण विचारले. वस्ताद म्हणाला, "बांगडी अखंड असेल तर पेटी दुरुस्त करून द्यायची. तुटलेली असेल तर मीटर काहीही सांगो, पेटी परत द्यायची नाही."

"पण का, वस्ताद?"

"वर्षभर काम कर. मग सांगेन."

जुन्या गुरूंची ही खोड आपण फार कौतुकाने सांगतो. विद्या मुठीत धरून ठेवायची आणि शिष्याने ती बोटे एकेक करून उलगडायची. मलाही पूर्वी हे थोर वाटे. आता वाटत नाही.

पुढे वस्ताद मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात गेला आणि दुकान शिष्यावर आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी सगुणाबाई रिक्षा घेऊन आली. भाजीच्या पाट्या बाजारात पोचवून ती घर चालवीत असे. नवरा अर्धांगाने दोन वर्षे अंथरुणाला खिळलेला.

"चार्जिंगची पिन ढिली झालीय, भाऊ. तेवढी घट्ट करून द्या," ती म्हणाली.

"कुठं आपटली-बिपटली नाही ना, ताई?"

"छे हो!"

हे खरे नव्हते. आदल्या संध्याकाळी वळणावर तिची रिक्षा खडीच्या ढिगावर चांगलीच आदळली होती. पण तसे सांगितले तर पेटी अडकून पडेल आणि उद्याची पाटी दुसरा कोणीतरी उचलेल, या धास्तीने ती बोलली नाही. तिला मी दोष देऊ शकत नाही.

शिष्याने पेटी उघडली. पिशवीत बांगडीचे तीन तुकडे होते. त्याने मीटर लावले. एकूण एक सेल ठणठणीत. तो विचारात पडला, तोच सगुणाबाईची नजर त्या तुकड्यांवर गेली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. बांगडी फुटली असे तोंडाने म्हणायचीही आपल्याकडे चोरी. आणि इथे तर घरात नवरा तसा निजलेला.

"भाऊ, हे काय हो? माझ्याच पेटीत का?" तिचा हात आपसूक गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला.

शिष्याला तिची दया आली. मीटर तर सगळे ठीक म्हणत होते. त्याने डब्यातून नवी बांगडी काढली, पिशवीत बसवली आणि म्हणाला, "काही नाही, ताई. ही बघा, अखंड आहे."

सगुणाबाई हसली. पिन घट्ट झाली, पेटी बंद झाली, रिक्षा निघून गेली. आपण एका बाईच्या जिवाला स्वस्थता दिली, या समाधानात शिष्य दिवसभर वावरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओसरीतली रिक्षा चार्जिंगला लावून सगुणाबाई औषध आणायला गेली. परत आली तेव्हा ओसरी जळत होती. लोकांनी पाणी मारले, माती टाकली. आतल्या खोलीत धूर कोंडला होता, आणि ज्याला कूसही बदलता येत नव्हती तो माणूस आतच राहिला.

वस्ताद डोळ्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत परतला. शिष्याने सारे सांगितले आणि तो मान खाली घालून उभा राहिला.  वस्तादाने दुकानाला कुलूप लावले आणि रिक्षातळावर जाऊन बसला. तीन दिवस तो तिथेच होता. येणाऱ्या प्रत्येक रिक्षावाल्याला थांबवून तो बांगडीचा अर्थ सांगे आणि हात जोडी.

शेवटी शिष्याला राहवले नाही. "वस्ताद, चूक माझी. तुम्ही का हात जोडता?"

वस्ताद म्हणाला, "सेलला मोठा दणका बसला तर आतल्या पापुद्र्याला चीर जाते. वरून काही दिसत नाही. मीटरलाही त्या दिवशी कळत नाही. चार दिवसांनी, चार्जिंगला लावल्यावर, ती चीर पेट घेते. रोजच्या खड्ड्यांनी तुटणार नाही आणि तेवढ्या दणक्याने मात्र तुटेल, अशी वस्तू मी शोधत होतो. बांगडी सापडली. सेलला बोलता येत नाही म्हणून मी ती ठेवली. मला तर बोलता येत होतं. मी तुला कारण सांगितलं असतं, तर तू तिचा चेहरा पाहून बांगडी बदलली नसतीस. मी माझं शहाणपण राखून ठेवलं, आणि लोक त्याला तोडगा समजून बसले. त्या बाईला अपशकुन दिसला. तिथे अपशकुन नव्हता रे, नुसती खबर होती."

शिष्य रडू लागला. वस्ताद म्हणाला, "ती बाई गावभर सांगत फिरतेय, मीच प्लग लावून गेले, मीच त्यांना मारलं. तिला खरं कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा, वस्ताद."

"माझा वाटा मी साऱ्या रिक्षावाल्यांना सांगितला. तुझा तिला तुलाच सांगावा लागेल."

शिष्य गेला. काळ्या पडलेल्या भिंतीला टेकून सगुणाबाई बसली होती. त्याने अडखळत सगळे सांगितले. आता ती शिव्या देईल, हात उगारील, असे त्याला वाटले. तसे झाले असते तर बरे, असेही वाटले.

 पण ती म्हणाली, "तुम्ही विचारलं होतंत, भाऊ, आपटली का म्हणून. आपटली होती. खडीवर. मी नाही म्हणाले."

शिष्य तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "त्यांना मी एकटीनं नाही मारलं."

"नाही, ताई. एकटीनं नाही."