घाण्यावरची साळुंकी

घाण्याला बैल जुंपत, त्या काळातली ही गोष्ट. एका तेल्याच्या घाण्यावर एक साळुंकी येऊन बसायची आणि तेल्याची हुबेहूब नक्कल करायची. त्याची शिंक, त्याचं खाकरणं, बायकोनं हाक मारली की मऊ होणारा त्याचा आवाज. म्हातारा बैल हरण्या हसत हसत फेरे घालायचा.

एकदा सुगरण तिला म्हणाली, "मी घरटं विणते, मधमाशी मध करते. तू काय करतेस गं? नुसता चावटपणा." साळुंकीला ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून नक्कल सोडून तीही काड्या घेऊन विणायला बसली. काही केल्या जमेना.

चौथ्या दिवशी तिला दिसलं, हरण्याचे पाय अडखळताहेत आणि तेली काळजीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवतोय. तेली आत गेल्यावर तिनं विचारलं, "बरं नाही का, हरण्याकाका?"

"तसं नाही गं. सकाळी डोळ्यांना झापडं बांधतात, ती संध्याकाळी सुटतात. मधे सगळा अंधार. तू शिंकलीस की मला नाक पुसणारा तेली दिसायचा. दिवसभरात तेवढंच दिसायचं."

साळुंकीनं चोचीतली काडी टाकली, घाण्यावर जाऊन बसली आणि सणसणीत शिंकली.

"उपरणं पडलं बघ त्याचं," हरण्या हसून म्हणाला, आणि घाणा करकरत फिरू लागला.