चौथी मेख

एका राज्यात, जिथे ढगसुद्धा राजाला विचारून बरसत, राजा मोठा हट्टी होता. त्याला गालिचा हवा होता लाल, पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत एकच लाल! कुर्द भटक्यांचा तांडा कुरणांकडे निघाला होता. त्यातली विणकरीण नाझदार शिपायांनी धरून आणली. तिची तान्ही लेक बेरीवान आजीच्या कडेवर राहिली.

राजाच्या मांत्रिकाने तिचा आडवा माग अंगणात चार मेखांनी ठोकला आणि शाप दिला, "चारही मेखा निघेतोवर तू इथून दहा पावलं हलणार नाहीस."

हात विणत होते, पण जीव कुठला लागायला! ती दिवसभर डोंगराकडे बघत बसे.

एके सकाळी एक चकोर पक्षी चोचीत लोकर घेऊन आला. म्हणाला, "तुझ्या आईने धाडली. तांड्याच्या तीन मुक्कामांवर रंगवलेला लाल विण, तीन मेखा सुटतील. चौथी राजाच्याच हाताने निघेल."

पहिली लोकर वसंतातल्या पायथ्याची.

"लेक कशी आहे?"

"रांगते."

नाझदारने ती विणली. मेख सुटली. उन्हाळ्यात माथ्यावरची लोकर आली, जरा गडद.

"लेक?"

"चालते."

दुसरी सुटली. परतीच्या वाटेवरची लोकर नदीकाठची, विटकरी. चकोर लोकर टाकून पिसं साफ करत बसला.

"बोल की रे मेल्या!"

"आई म्हणते."

"कुणाला?"

"आजीला."

नाझदार हमसून हमसून रडली. रडतरडतच तिने विणलं. तिसरी मेख सुटली.

राजा आला आणि कडाडला, "रंग चुकला!"

"चुकला नाही, महाराज, मुक्काम बदलला. जिथलं पाणी, तिथला रंग. या पट्टीवर माझी लेक रांगली. इथे चालली. इथे आई म्हणाली. मी तिन्ही वेळा तुमच्या अंगणात होते."

राजा हट्टी खरा, पण काळजाचा दगड नव्हता. तो गुडघ्यांवर बसला आणि चौथी मेख स्वतः उपटली. शाप फिटला. मांत्रिक आपले सगळे मंत्र विसरला.

अर्धवट विणलेला गालिचा खांद्यावर टाकून नाझदारने तांडा गाठला. बेरीवान घाबरून आजीला बिलगली, "आई!"

"मी आजी गं, बाळा. आई ही," म्हणत आजीने तिला नाझदारच्या मांडीवर ठेवलं. पोरीने भोकाड पसरलं.

दुसऱ्या दिवशी तांडा हलायचा होता. हलला नाही. पोरीला आई ओळखीची होईपर्यंत कुणी एक तंबूसुद्धा उतरवला नाही.