पट्ट्याची करकर

ट्रेडमिल घरात असणं अप्रूपाचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. दसऱ्याला शकूताईंनी आपल्या ट्रेडमिलला झेंडूचा हार घातला आणि मूठभर अक्षता वाहिल्या. दुसऱ्या दिवशी चालायला उभ्या राहिल्या, तर पट्टा करकर ओरडू लागला.

"गप्प बस रे!" आतली मोटर खेकसली. "काल पूजा करून घेतलीस आणि आज हे रडगाणं? लाज आणलीस मला."

"माझ्याखाली काहीतरी अडकलंय. मला ओढताना तू तापते आहेस," पट्टा म्हणाला. "मी गप्प बसलो तर तू जळशील."

मोटरला ते पटेना. पट्टा मात्र तिची बोलणी खात ओरडतच राहिला.

शेवटी शकूताईंनी प्लग काढला, पट्टा सैल केला आणि खाली हात घातला. कालच्या अक्षता निघाल्या! पट्ट्याची आतली बाजू पार सोलवटली होती. ते पाहून मोटरचा ताठाच उतरला. एवढं सोसून हा आपल्यासाठी ओरडत होता!

शकूताईंनी पट्ट्याखालची फळी पुसली, सिलिकॉनचं तेल सोडलं, पट्टा पुन्हा ताणून बसवला. ट्रेडमिल सुरळीत चालू लागली.

थोड्या वेळानं मोटर हळूच म्हणाली, "आवाज नाही रे तुझा. बरा आहेस ना?"