तांबटांनी झाकलेला तळ

एका राज्यात तांबटांची एक पेठ होती, आणि तिचा लौकिक काय सांगावा! पेठेचा शिक्का दिसला की गिऱ्हाईक भांडं पारखतही नसे. तिथंच घात झाला. घाईच्या दिवसांत तांबट पातेल्याला आतून कल्हई करत, ती गिऱ्हाइकाचा हात पोचेल तिथवरच. तळ उघडाच! भिवरा कल्हईवालीनंही तसंच केलं. तिच्या हातचं पातेलं राजवाड्यात गेलं, त्यात कढी कळकली, आणि राणी अंथरुणाला खिळली.

राजाच्या मांत्रिकानं कौल लावून सांगितलं, "खरं कुणी बोलेपर्यंत राणी उठणार नाही, पेठेत भट्टी पेटणार नाही."

भट्ट्या विझल्या. भिवरा म्हणाली, "सांगून टाकू."

पेठेचे शेटे रुद्राजी कडाडले, "खबरदार! आधी नाव जपा."

एक साळुंकी गावभर सांगत फिरे, "तळ बघा, तळ बघा!" शेट्यांनी ती पिंजऱ्यात कोंडली. दुसऱ्या दिवशी कौलाकौलावर साळुंक्या बसल्या. मग शेट्यांनी चेटकिणीकडून भांड्यांवरचे शिक्के पुसून घेतले. ते तांबटांच्या कपाळांवर उमटले. शेवटी शेट्यांनी राजाकडे जाऊन आचारी म्हादबावर आळ घेतला. राजानं त्याला सुळावर द्यायचं फर्मावलं.

आता मात्र भिवराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती भर दरबारात शिरली.

"महाराज, म्हादबा निर्दोष आहे. तळ मी कल्हईविना सोडला. सगळी पेठच तसा सोडते."

"गप्प बस, सटवे!" शेटे ओरडले. "पिढ्यांचं नाव मातीत घालतेस!"

"घातलंत तुम्ही, शेटे. मी उकरून काढतेय."

राजानं विचारलं, "शिक्षा ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. द्या. पण आधी म्हादबाचे दोर सोडा."

दोर सुटले. राणी उठून बसली, कपाळं स्वच्छ झाली, भट्ट्या धडधडल्या. राजा प्रसन्न झाला. "तुला अभय. ही गोष्ट कुणी काढायची नाही, अशी दवंडी पिटवतो."

"दवंडी पिटवाच, महाराज," भिवरा म्हणाली. "पण सांगा, की आमच्या भांड्यात कुणी आंबट शिजवू नका. भांडी परत आणा, फुकट कल्हई करून देऊ."

शेट्यांनी कपाळ बडवलं. "अगं, मग आपल्याकडे येईल कोण?"

"जे जिवंत राहतील ते येतील," भिवरा म्हणाली, आणि भाता ओढायला निघून गेली.

म्हादबावरचा आळ जसा टळला, तसा तुमच्या-आमच्यावरचाही टळो.