दवाखान्यात जमा झालेले नारळ

भोपळगडच्या दवाखान्यात एक दिवस कुणीच उरलं नाही. कारण राजा विक्रांतसेनाला निरोपाची भाषणं करायची भारी हौस! माणूस म्हातारा होईपर्यंत त्याला धीर निघेना. चाळिशी दिसली की शाल, श्रीफळ, लांबलचक भाषण, आणि चला घरी. वैद्यबुवा गेले, काढे उकळणारा म्हादबा गेला, शेवटी भागाक्का सुईणही गेली.

पंचाईत झाली येसू कुंभारणीची. तिचं पहिलंच बाळ. ते शिंकलं की ती दवाखाना गाठायची. नाही शिंकलं तर का शिंकत नाही म्हणून गाठायची. आता बाळाला दात येत होते, अंग कढत लागत होतं, आणि दवाखान्याच्या ओट्यावर शेळी रवंथ करत बसलेली. येसू वैद्यबुवांच्या घरी गेली, तर ते म्हणाले, राजाच्या हुकमाशिवाय आता नाडीला हात लावता येत नाही.

बाळाला कडेवर घेऊन येसू दरबारात पोचली. जुन्या माणसांना परत कामावर घ्या, म्हणाली. राजाचंही पोट दुखतच होतं, पण दिलेला निरोप मागे घ्यायचा म्हणजे नामुष्की. मिशी पिळत त्याने अट घातली.

"ज्याला जो नारळ दिला, तोच उद्या दवाखान्यात जमा करायचा. कणभरही बाहेर राहता कामा नये. मग घेऊ कामावर!"

येसूने तिघांनाही गाठलं, पण नारळ कुठले उरायला! वैद्यबुवांच्या नारळाची बर्फी झाली होती, म्हादबाच्याची चटणी, भागाक्काच्याचे लाडू. येसू मटकन खाली बसली. आपल्याला बाळाचं खिमट बिनगुठळ्यांचं जमत नाही, राजाची अट काय जमणार? तरी तिने विचारलं, शेजारीपाजारी थोडं दिलंत का? तिघंही ओशाळले. कुणीच दिलं नव्हतं. तशी येसू उठली.

दुसऱ्या दिवशी राजा दवाखान्यात आला. खाटेवर तिघं ओळीने बसलेले, बाजूला येसू बाळाला घेऊन उभी.

"नारळ कुठायत?"

"हे काय समोर, महाराज."

"अगं, ही तर माणसं आहेत!"

"नारळ यांनीच खाल्ले. शेजाऱ्याला कणही दिला नाही. म्हणजे जे आहे ते सगळं आतच. घ्या जमा करून."

राजाने वैद्यबुवांचं तुळतुळीत डोकं निरखलं. "याला शेंडीसुद्धा आहे की गं!"

"आहे ना. फक्त एवढंच सांभाळा, हे नारळ संध्याकाळी जेवायला घरी जातात."

राजा पोटदुखी विसरून खो खो हसला. तिघांना तिथल्या तिथे कामावर घेतलं आणि गळ्यातला कंठा काढून येसूपुढे धरला.

"जरा धरून ठेवा महाराज," येसू म्हणाली, "बाळ आत्ताच शिंकलं. भागाक्कांना दाखवून आले!"