मातीकडे निघालेली काडी

डोंगरापलीकडे बाजाराचं एक गाव होतं. गावात दुकानंच दुकानं, शेत म्हणून एकही नव्हतं. तिथल्या शाळेत एक म्हातारे गुरुजी शिकवत. एकदा मुलं शेंगदाणे खात बसली होती, तेव्हा गुरुजींनी सहज विचारलं, "पोरांनो, हे दाणे येतात कुठून?"

"वाण्याच्या पोत्यातून!" सगळी ओरडली.

"आणि पोत्यात?"

भानू सगळ्यांत धीट. तो म्हणाला, "झाडाला लटकत असतील, चिंचेसारखे."

गुरुजी नुसते हसले. त्यांनी शाळेमागची जमीन मुलांकडून खणून घेतली आणि प्रत्येकाला एकेक कच्चा दाणा पेरायला लावला. "उत्तर मी नाही देणार. रोपच देईल," ते म्हणाले.

रोपं उगवली. मुलं आडाचं पाणी आणून घालायची. पुढे पिवळी फुलं आली तेव्हा तर सगळी नाचलीच. आता शेंगा लटकणार! नेमकं तेव्हाच बहिणीच्या आजारपणामुळे गुरुजींना परगावी जावं लागलं. "मी येईपर्यंत रोपं जपा," एवढं सांगून ते गेले.

पण फुलं सुकली. शेंग काही दिसेना.

"फसवलं आपल्याला!" भानूनं चिडून आपलं रोप उपटलं. मुळाशीही काही नव्हतं. मग त्याचं बघून दुसऱ्यानं उपटलं, तिसऱ्यानं उपटलं, आणि सगळी रोपं शेळ्यांपुढे गेली.

राहिलं फक्त गोदी नावाच्या मुलीचं. तीही उपटायला वाकली, आणि तशीच थांबली. सुकलेल्या फुलाच्या जागी एक बारीक काडी फुटली होती. झाडाच्या फांद्या उन्हाकडे जातात, ही मात्र खाली वाकून मातीत शिरत होती.

"उपट ना! जागा मोकळी झाली की खेळता येईल," भानू म्हणाला.

"थांब रे. ही मातीत कशाला चाललीय, ते मला बघायचंय."

"मेलंय ते झाड!" त्यानं हात पुढे केला. गोदी रोपाला आडवी झाली. "माझं रोप आहे. हात लावायचा नाही."

त्या दिवसापासून तिला कुणी खेळायला घेईना. ती एकटीच रोपाला पाणी घालायची, शेजारी बसून राहायची. रोज एखादी नवी काडी खाली वाकायची, मातीत गुडूप व्हायची. का, ते तिला कळत नव्हतं. पण तिथे बसलं की तिचा आवाज आपोआप हळू व्हायचा.

गुरुजी परतले तोवर पानं पिवळी पडली होती. गोदी रडवेली झाली. "गुरुजी, हेही सुकायला लागलं. माझं काही चुकलं का?"

"काही चुकलं नाही, बाळ. पानं पिवळी पडली म्हणजे त्याची वेळ भरली. सगळ्यांना बोलाव. आणि आता ओढ."

गोदीनं दोन्ही हातांनी रोप ओढलं. माती तडकली, रोप वर आलं. प्रत्येक काडीच्या टोकाला शेंग होती! मातीनं माखलेले घोसच्या घोस.

भानू हळूच खाली बसला. "हे सगळं आपल्या पायाखाली चाललं होतं? आणि साधा आवाजसुद्धा नाही?" मग त्यानं विचारलं, "मी उपटलं त्यालाही लागल्या असत्या?"

"हो," गुरुजी म्हणाले.

भानूची मान खाली गेली. गोदीनं एक शेंग तोडून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती सोलली. आत दोन गुलाबी दाणे एकमेकांना खेटून निजले होते. कितीतरी वेळ तो ते बघतच राहिला.

मग गोदीनं सगळ्यांना शेंगा वाटल्या. त्या दिवशी त्या जमिनीवरून कुणी धावलं नाही. खाली कुणी झोपलं असावं, तशी मुलं जपून पाय टाकत वर्गात गेली.

तात्पर्य इतकंच: आपल्या पोटात जाणारा घास आधी मातीच्या पोटात वाढतो. दिसत नाही म्हणून काही घडत नाही, असं समजून उपटायची घाई करू नये.