गेटवरचा प्रश्न

एकदा एका तालुक्याच्या गावी चारुशीला नावाची एक तरुण कार्यकर्ती होती. गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची माहिती ती वस्त्यावस्त्यांतून देत असे. निळकंठराव हे निवृत्त आरोग्य अधिकारी तिचे गुरू. कोणते रेशनकार्ड चालते, कोणत्या रुग्णालयात मोफत उपचार मिळतात, हे सारे ती तळमळीने समजावून सांगे.

एके दिवशी ती खिन्न होऊन गुरूंकडे आली. म्हणाली, "सर, वस्तीतला मजूर दगडू बांधकामावरून पडला, मांडीचं हाड मोडलं. त्याची बायको गिरजाबाई माझ्या दोन्ही सभांना आली होती. घरात कार्ड होतं. तरी तिनं त्याला गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे नेलं. हाड वाकडं जुळलं. आता काठीशिवाय त्याला चालता येत नाही. मी आणखी कसं समजावू?"

चार दिवसांनी निळकंठरावांनी वस्तीतल्या पाच बायकांना एसटीने जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. त्यांत गिरजाबाईही होती. आजारी मात्र एकही नव्हती. चारुशीलेला त्यांनी एवढेच बजावले, "आज तू बोलायचं नाहीस."

बायका गेटमधून आत गेल्या. विचारत विचारत विमा योजनेच्या खिडकीशी पोहोचल्या. प्रत्येकीने आपले कार्ड स्वतः पुढे केले आणि विचारले, "हे चालेल का?" एकीच्या आधारवर आडनाव चुकलेले निघाले. ते कुठे दुरुस्त होते, हेही तिनेच विचारून घेतले. मग सगळ्यांनी कॅन्टीनमध्ये चहा घेतला आणि परतीची गाडी पकडली.

गाडीत चारुशीलेला राहवेना. "सर, अख्खा दिवस गेला. कुणावर उपचार नाहीत, काही नाही. यातून काय साधलं?"

निळकंठराव म्हणाले, "तुझी माहिती अचूक असते. पण घरातला माणूस वेदनेनं ओरडू लागला की ऐकलेलं आठवत नाही. भ्यालेला माणूस ओळखीच्या दाराशी जातो. हे दार आज या बायकांच्या ओळखीचं झालं. धडधाकट असतानाच ते व्हायला हवं, तेव्हा चुकायला आणि विचारायला सवड असते."

पुढच्या बाकावर बसलेली गिरजाबाई वळली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, मी त्यांना याच रुग्णालयात आणलं होतं. जीपमधनं. गेटवर वॉचमननं विचारलं, 'कुणाकडे जायचंय?' मला एकाही डॉक्टरचं नाव ठाऊक नव्हतं. आत सोडणार नाहीत असं वाटलं. जीप वळवायला सांगितली."

घडले ते काय, हे चारुशीलेने गिरजाबाईला कधी विचारलेच नव्हते. ती उठली, तिच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "पुढं सांगा, मावशी."